नववीतला भाऊ वर्गात एकटा पडलाय: त्याला कोर्स लावू, की शाळा बदलू?

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. धाकटा भाऊ नववीत आहे. घर सोलापूरच्या पूर्व भागात, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, घरची भाषा तेलुगू. सातवीपर्यंत तो घराजवळच्या तेलुगू माध्यमाच्या शाळेत होता. तुम्हाला पुण्यात नोकरी लागली आणि तुम्ही स्वतः फी भरून, आग्रहाने, त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सेमी-इंग्रजी शाळेत घातलंत. तिथे सव्वा वर्षात त्याला एकही मित्र नाही. वाचनाच्या तासाला तो 'माझी पुस्तक' म्हणाला तेव्हा वर्ग हसला आणि सरही हसले. वडील टॉवेलच्या कारखान्यात, म्हणून 'टॉवेल' असं नाव पडलं. आवाज बारीक, क्रिकेट येत नाही, मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ उभा राहतो. घरी ग्राफ पेपरवर चादरींच्या नक्ष्या काढत बसतो. गेल्या महिन्यात त्याने फोनवर विचारलं, "अक्का, मी असाच का आहे?" तुम्हाला हवाय तो सोलापुरातला एखादा चांगला व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स, नाहीतर शाळा बदलण्याबद्दल सल्ला.

मी सोलापुरातल्या शाळांमध्ये बरीच वर्षं समुपदेशक म्हणून काम करते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. कोर्सला पैसे घालू नका, आणि शाळेचा निर्णय या सत्रात घेऊ नका. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

तुमचा प्रश्न 'याला वर्गात सामावून कसं घेता येईल' असा आहे. त्याचा प्रश्न तो नाही. 'मी असाच का आहे' असं विचारणाऱ्या मुलाने वर्गाचा निकाल मान्य केलेला असतो. पोरं म्हणतात ते खरंच आहे, फक्त कारण कळत नाही, असं तो म्हणतोय. अशा वेळी घरातून 'चल, तुला सुधारायला क्लास लावते' असं आलं, की त्याच्या लेखी घरही वर्गाच्या बाजूला गेलं. तुमच्या मनात तसं काही नाही हे मला कळतं. पण चौदा वर्षांच्या मुलाला तुमचा हेतू दिसणार नाही, क्लास तेवढा दिसेल.

आता कशावर काय अवलंबून आहे ते बघू. 'एकटा पडलाय' या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि बऱ्याचदा त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक, मूल मुळातच शांत, कमी माणसांत रमणारं असतं. त्याला काहीही करायची गरज नसते. दोन, मुलाला ठरवून त्रास दिला जात असतो. तिथे मुलाला नव्हे, मोठ्यांना काम असतं. तीन, आत काहीतरी असं चाललेलं असतं ज्याला तज्ज्ञांची मदत लागते: नैराश्य, वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता, कमी ऐकू येणं, स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) छटा. मी मुलाला पाहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या लिहिण्यावरून अंदाज बांधतेय.

तुम्ही सहज लिहून गेलात त्यातल्या दोन गोष्टी मला फार कामाच्या वाटल्या. नारळी पौर्णिमेला तेलुगू विणकर समाजाच्या मार्कंडेय रथोत्सवात तो दिवसभर गल्लीतल्या पोरांबरोबर होता, घसा बसेपर्यंत ओरडत होता. आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला मात्र चुलत भावंडांबरोबर गेला नाही, कारण 'शाळेतली पोरं भेटतील'.

पहिली गोष्ट सांगते की मुलात मिसळण्याची ताकद पुरेशी आहे. जिथे त्याची भाषा बोलली जाते, जिथे त्याच्या वडिलांचं काम ही सगळ्यांच्या वडिलांची गोष्ट आहे, तिथे तो चारचौघांसारखा पोरगा आहे. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांची माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात. दहा मिनिटं रिक्षात बसलं की आपण 'नेहमीचे' असतो ते 'वेगळे' होतो. म्हणून 'हा विजोड आहे' असं म्हणताना 'कुठे?' हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. तुमचा भाऊ त्या एका वर्गात विजोड आहे. हे त्याला आपोआप कळत नाही, सांगावं लागतं, तेही त्याच्याच आठवणीतलं उदाहरण देऊन. 'तू हुशार आहेस' असं म्हणण्यापेक्षा 'रथाच्या दिवशी तू कसा होतास?' असं विचारा आणि त्याला बोलू द्या.

दुसरी गोष्ट मला काळजीची वाटते. शाळेची भीती शाळेच्या फाटकाबाहेर येऊन यात्रेपर्यंत पोचली आहे. म्हणून आधी काही तपासण्या. झोप कशी आहे? डबा तसाच परत येतो का? नक्ष्या काढणं चालू आहे की तेही सुटलं? आवडीची गोष्ट सुटली तर मी जास्त घाबरते. सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, असं आहे का? आणि एक प्रश्न तुम्ही थेट विचारायचा आहे: 'जगू नये असं कधी वाटतं का?' विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेली गोष्ट भरते असं अनेकांना वाटतं, ते खरं नाही. विचारलं तर बहुतेक मुलांना हायसं वाटतं. उत्तर 'हो' असेल, किंवा त्याने स्वतःला इजा करून घेतली असेल, तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याला घेऊन जा. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहेच.

वाचनाबद्दलही एक साधी परीक्षा आहे. त्याला तेलुगूत वाचायला द्या. तिथे तो सराईत वाचत असेल तर त्याला वाचता येतं, मराठी नवी आहे इतकंच. तेलुगूत निर्जीव वस्तूंना आपल्यासारखं तो-ती-ते लावत नाहीत. त्यामुळे तेलुगू घरातल्या मुलाचं 'पुस्तक' कधी स्त्रीलिंगी होतं, 'दप्तर' कधी पुल्लिंगी, आणि ते सवयीने सुटतं. पण तेलुगूतही तो अडखळत असेल, अक्षरं गाळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. नववीत ही धावपळ केलेली बरी, दहावीच्या जानेवारीत नको.

समजा यातलं काही नाही. म्हणजे मुलगा ठीक आहे, वर्गात मात्र त्याला छळतात. मग कामाचा क्रम महत्त्वाचा, आणि इथेच बहुतेक घरं उलटी जातात. ती मुलापासून सुरुवात करतात: लक्ष देऊ नकोस, खंबीर हो, एकदा धरून हाण. तुमच्या वडिलांचं 'दोन लावून दे' हे त्यातलंच. रागाने नाही म्हणत, बापाला दुसरं काय सुचणार? पण चाळीसेक पोरांच्या वर्गात एकट्याने हाणामारी केली तर मुख्याध्यापकांसमोर उभा तोच राहतो. आणि 'लक्ष देऊ नकोस' हा सल्ला तर मला अजिबात पटत नाही. या वयात लक्ष न देणं शक्यच नसतं.

का शक्य नसतं, तर किशोरवयात आपल्याकडे सगळे बघताहेत ही भावना अगदी टोकाची असते. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये तिला 'काल्पनिक प्रेक्षक' असं नाव दिलं. पुढे २००० साली थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं एका गायकाचं मोठं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं की जवळजवळ निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं असेल. प्रत्यक्षात चौथाई लोकांच्याही लक्षात आलं नव्हतं. मी हा प्रयोग मुलांना नेहमी सांगते आणि त्यांना तो आवडतो. पण तुमच्या भावाला तो आज सांगू नका. कारण त्याचे प्रेक्षक निम्मे काल्पनिक असले तरी निम्मे खरे आहेत. 'टॉवेल' ही हाक त्याला खरोखरच ऐकू येते. खरा त्रास चालू असताना 'तो तुझ्या मनाचा खेळ आहे' असं सांगणं म्हणजे मुलाला खोटं पाडणं.

म्हणून आधी शाळा. वर्गशिक्षकांना भेटायचं, पण पालक सभेच्या दिवशी नाही. त्या गर्दीत तुमच्या वाट्याला दोन मिनिटं येतील आणि 'तो मिसळत नाही हो' एवढं ऐकून तुम्ही परत याल. वेगळी वेळ मागा. जाताना एका कागदावर तारीख, ठिकाण, काय झालं, कोण हजर होतं, अशा चार-पाच घटना लिहून न्या. 'सगळे चिडवतात' या तक्रारीवर शिक्षक काहीच करू शकत नाहीत. 'मंगळवारी मधल्या सुट्टीत डबा लपवला' यावर करू शकतात. सर हसले होते ती गोष्टही सांगायची, पण आरोपाच्या सुरात नाही. 'त्या दिवसापासून तो मोठ्याने वाचत नाही' इतकंच म्हणा. चांगला शिक्षक तिथेच ओशाळतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. तो कायदा आठवीपर्यंतचा, म्हणून नववीत त्याचा हवाला देत भांडायला जाऊ नका. पण शाळांना तो माहीत असतो आणि नववीत गेलं म्हणून मूल छळायला मोकळं झालं असं कुठलीही शाळा तोंडाने म्हणणार नाही.

शिक्षकांकडे मागायचं काय? दोन गोष्टी अजिबात मागू नका. वर्गापुढे मुलांना झापणं, कारण त्याचा सूड मधल्या सुट्टीत निघतो. आणि छळणाऱ्याशी हात मिळवायला लावणं, कारण त्यात दोघांची चूक सारखीच ठरते. मागायचं ते असं: त्याची जागा बदला, तो टाकीजवळ उभा राहतो त्या वेळात कोणी मोठं माणूस तिथून चक्कर मारू द्या, आणि टोपणनाव शिक्षकाच्या कानावर पडलं की त्याच क्षणी, न ओरडता, 'त्याचं नाव घे' एवढं म्हटलं जाऊ द्या. माझ्या अनुभवात टोपणनावं भाषणांनी जात नाहीत, अशा कोरड्या टोकण्याने जातात. अशा टोळक्यात बहुधा एक पुढारी असतो, दोन-तीन टाळ्या वाजवणारे असतात आणि बाकीचा वर्ग बघत असतो. पुढाऱ्याला सुधारायला वेळ लागतो. बघणाऱ्यांतला एकजण लवकर हलतो.

आणि त्याला तेवढा एकच लागतो. सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले रेषांच्या लांबीचे प्रयोग तुम्ही कदाचित ऐकले असतील. खोलीतले सगळे मिळून चुकीचं उत्तर देतात तेव्हा एकटा माणूसही डोळ्यांना दिसणारं सोडून अनेकदा त्यांच्या मागे जातो. पण खोलीत खरं बोलणारा एक जोडीदार दिला, तर त्याचं असं मागे जाणं चौथाईवर येतं. फक्त एक जोडीदार. म्हणून 'सगळ्यांशी मैत्री कर' हे उद्दिष्टच चुकीचं आहे. चाळीस मुलांच्या वर्गात लोकप्रिय होणं हे मोठ्या माणसालाही जमणार नाही. तुम्ही त्याच्याकडे चौकशी करायची ती अशी: 'वर्गात तुझ्यावर न हसणारा कोण आहे?' असा एक असतोच. बहुधा तोही कडेलाच उभा असतो: गावाकडून एसटीने येणारा, चित्रकलेच्या तासाला जीव ओतणारा, नाहीतर ग्रंथालयात जाऊन बसणारा. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी होत असेल तर चित्रकलेच्या सरांना सांगा की या दोघांना एका बाकावर बसवा. मैत्री बोलण्यातून होते असं आपण समजतो. मुलग्यांच्या बाबतीत ती बरेचदा शेजारी बसून काहीतरी करण्यातून होते, फारसं न बोलता.

चित्रकलेचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी जरा भांडणार आहे. तुम्ही लिहिलंय, 'त्याच्या नक्ष्या एखाद्या स्पर्धेत पाठवू का, म्हणजे सगळ्यांना कळेल तो काय चीज आहे.' हा मोह मला चांगलाच ओळखीचा आहे. जवळजवळ प्रत्येक पालक इथे येऊन थांबतो: मूल वेगळं आहे ना, मग त्याच्यात काहीतरी गुण असेल, तो शोधू, टाळ्या वाजतील आणि प्रश्न संपेल. माझ्याकडे एक मुलगा यायचा, ओळख कळू नये म्हणून तपशील बदलून सांगते. त्याचाही छळ व्हायचा. आठवीच्या गॅदरिंगमध्ये तो नाचला, हॉल दणाणला आणि वर्षभर पोरं त्याच्या मागे-पुढे होती. पुढच्या वर्षी त्याचं नृत्य निवडलं गेलं नाही. तेव्हा तो जितका खचला तितका छळाच्या काळातही खचला नव्हता. कारण मधल्या काळात तो एवढंच शिकला होता की नाचलो तर मी ठीक, नाहीतर मी पहिल्यासारखाच.

आत्मविश्वास आणि स्वतःचा स्वीकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्मविश्वास एखादी गोष्ट जमण्याबद्दल असतो आणि जमलं-न जमलं तसा वर-खाली होतो. स्वीकाराचा जमण्याशी संबंध नसतो. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस यांनी हा फरक आयुष्यभर लावून धरला, आणि कि. मो. फडके यांनी ती पद्धत महाराष्ट्रात रुजवली म्हणून आमच्यासारख्यांना ती मराठीत वापरायला मिळाली. एलिस यांचं म्हणणं ढोबळपणे असं: माणसाच्या एखाद्या कृतीला गुण द्या हवे तर, अख्ख्या माणसाला देऊ नका. 'मी पुस्तक चुकीच्या लिंगात म्हणालो' हे खरं आहे. 'मी फालतू आहे' हे त्यातून निघत नाही, कोणी कितीही हसलं तरी. तुमच्या भावाने या दोन वाक्यांमधली उडी कधी मारली ते त्याला स्वतःला दिसत नाही. त्याला ती दिसू लागणं हेच माझं मुख्य काम असतं. मी मुलांना दोन्ही वाक्यं कागदावर लिहायला लावते आणि विचारते, पहिल्यावरून दुसरं कसं काढलंस, गणितासारखं पायरी पायरीने दाखव. पायऱ्या सापडत नाहीत. तेव्हा काही मुलं हसतात, काही चिडतात.

स्वीकार म्हणजे 'मी जसा आहे तसा मला लै आवडतो' असंही नाही. एक मुलगी होती, वर्गात सगळ्यांपेक्षा उंच, तिला 'जिराफ' म्हणायचे. ती पोक काढून चालायची. आमचं काम संपलं तेव्हाही तिला तिची उंची आवडत नव्हती. तसं ती मला ठणकावून सांगून गेली. पण ताठ बसायला लागली होती आणि मागच्या बाकावरून उठून मधल्या रांगेत आली होती. मला तेवढं पुरेसं वाटतं. आवडणं पुढे कधीतरी येईल, नाही आलं तरी अडत नाही.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या बहुतेक कोर्सेसबद्दल माझी तक्रार इथेच आहे. स्टेजवर चढवून 'मी करू शकतो' असं ओरडायला लावणं त्यांना सोपं पडतं. बारीक आवाजाच्या मुलाला तिथे पहिला धडा हाच मिळतो की आवाज मोठा हवा.

इथवरचं एकत्र सांगते: आधी तो सुरक्षित आहे ना बघा, मग शाळेकडून त्रास थांबवा, मग वर्गातला एक जोडीदार शोधा, आणि हे चालू असताना त्याच्या मनातल्या निकालावर काम करा. नक्ष्यांना स्पर्धेत ओढू नका. तो स्वतः म्हणाला तर पाठवा. चादरीची नक्षी काढताना त्याला कोणी गुण देत नाही, ती एक जागा तशीच राहू द्या. वडिलांना मात्र वह्या बघायला सांगा. जकार्ड मागावर ती नक्षी बसेल की नाही, एवढं जरी ते म्हणाले तरी बाप-लेकात बोलायला काहीतरी निघेल. 'छान आहे' म्हणण्यापेक्षा 'इथे धागा तुटेल' हे त्याला जास्त आवडेल.

आवाजाबद्दल तुम्ही जरा आडून विचारलंय, ते सरळ घेते. पोरं त्याला 'बायल्या'ही म्हणतात. चौदाव्या वर्षी आवाज फुटायचा असतो किंवा नुकताच फुटत असतो, त्यात काही विशेष नाही. आणि तुमच्या मनात जी दुसरी शंका आहे, ती असेल किंवा नसेल. बारीक आवाजावरून किंवा क्रिकेट न खेळण्यावरून ते ठरत नाही. त्याला विचारू नका, फोन तपासू नका. त्याने आपण होऊन कधी काही सांगितलं तर ऐकून घ्या आणि 'मला सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा. कोणी 'बरं करून देतो' म्हणून बोलावलं तर जाऊ नका. समलैंगिकता हा आजार नाही, आणि ती बदलण्याचे उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तो समलैंगिक नसला तरी 'बायल्या' ही शिवीच राहते, आणि शाळेच्या त्या कागदावर तीही लिहायची.

आता तुम्ही पुण्यातून काय करायचं. एक तर, फोनवर त्याच्याशी तेलुगूत बोला. तुम्ही लिहिलंय की ऑफिसमध्ये तुमच्या 'काय बे'ला लोक हसले आणि तुम्ही सोलापुरी बोलणं बंद केलंत. ही गोष्ट त्याला सांगा, पूर्ण सांगा, वाईट वाटलं होतं तेही सांगा. अजून तुम्ही तिथे जपूनच बोलत असाल तर तसं सांगा, 'मी तर केव्हाच सोडून दिलं' असं खोटं सांगू नका. धाकट्याला ते लगेच कळतं. तोडगा देण्याची घाई नको. तो बोलत असताना मधे 'मग तू असं कर' आलं की पुढच्या वेळी तो 'सगळं ठीक आहे' म्हणून फोन आईकडे देईल.

आणि त्रास जरा कमी झाल्यावर, आधी नाही, एक छोटा सराव. एलिस १९ वर्षांचे असताना फार लाजरे होते. न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकांवर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी, शंभरेक जणींशी, ते ठरवून बोलले. भेटीला कबूल झाली एक, आणि तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही हे त्यांना कळलं आणि लाज गेली. मी मुलग्यांना हा नमुना देत नाही, मुलींच्या मागे लागायला निमित्त नको. तुमच्या भावाला सांगा, नवी पेठेत जा आणि तीन दुकानांत तुझ्या मराठीत एखाद्या वस्तूचा भाव विचार, लिंग चुकलं तर चुकू दे. काय झालं ते मला फोनवर सांग. सोलापूरचा दुकानदार तीन भाषांत भाव सांगतो, त्याला 'ती पेन' की 'ते पेन' याच्याशी घेणं नसतं. दुकानात जमलं की मग वर्गात मोठ्याने एक परिच्छेद. तोही सरांना आधी सांगून.

राहिलं शाळा बदलणं. शाळेने ऐकूनच घेतलं नाही, मारहाण झाली, किंवा शिक्षकच छळात असतील, तर वर्षाच्या मध्येही बदला, पुढे-मागे बघू नका. शाळा हलत असेल, अगदी संथ हलत असेल, तरी थांबा. कारण 'मी पळालो' ही आणखी एक ओळ त्याच्या यादीत नको. आणि त्याला जुन्या शाळेत परत जायचं असेल तर ते पळणं नाही, तेही ऐका. तुम्ही फी भरता म्हणून तो ते तुमच्यापाशी बोलत नसण्याची शक्यता मला बरीच वाटते. तेव्हा फीचा विषय तुम्हीच काढा आणि 'पैसे गेले तर गेले' हे त्याला स्पष्ट ऐकू द्या. दहावीच्या उंबरठ्यावर शाळा बदलणं कटकटीचं असतं. म्हणून हे बोलणं दिवाळीच्या सुट्टीत घरी याल तेव्हाच करा.

सुधारणा दिसू लागली की ती बहुधा छान दिसत नाही. घरात उलट बोलेल, आईवर खेकसेल, तुमचा फोन 'नंतर कर' म्हणून ठेवेल. इतके दिवस गिळलेला राग सुरक्षित ठिकाणी बाहेर येतो. आईला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती म्हणेल पोरगं बिघडलं. वर्गशिक्षकांना भेटायला आईलाही न्या. मराठीत बोलायला ती संकोचत असेल तर तिला तेलुगूतच बोलू द्या, सरांना मराठीत तुम्ही सांगा. आणि भेटीच्या आधी भावाला विचारा की कागदावरची कोणती घटना सांगायची आणि कोणती नाही. त्याने खोडलेली घटना, जिवाला धोका असल्याशिवाय, सांगू नका.